कुमाचं चौथं धुराडं

शॉमबर्ग, १४ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. ताईस,
एकनाथचा सा. न. वि. वि.

नरेंद्ररावांनी पाठवलेलं ‘कुमा’ जहाजाच्या मॉडेलचं लाकडी धड पोचलं. आमची वाटणी ठरलेलीच. धड त्यांचं, धुराडी, डोलकाठ्या, तोफा माझ्या. हे पत्र मुद्दाम वेगळं पाठवतोय. खोक्यात घातलं तर ते वाचतील, आणि फोन तर ते स्पीकरवरच टाकायला लावतात.

त्यांनी डेकवर धुराड्यांसाठी चार भोकं पाडलीत. कुमाला धुराडी तीन. चार होती ती नंतरच्या ‘सेंदाई’ला. ही जहाजं धुराड्यांवरून ओळखायची, हे मला त्यांनीच शिकवलं. विनाशिकांच्या ताफ्यापुढे धावायला जपानने या हलक्या क्रूझर बांधल्या, पहिली ‘तेन्र्यू’ लहान पडली म्हणून कुमा मोठी केली, हे ऐकवताना तुझी आमटी कितीदा गार झाली, आठवतंय ना? त्यांच्याकडून ही चूक? भोक बुजवू का? खरं काय ते कळव.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा, एकनाथ

अर्विंग, २१ ऑक्टोबर

चि. एकनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तू बरोबर ओळखलंस. ह्यांची स्मृती चाललीय, असं न्यूरॉलॉजिस्टने गेल्या महिन्यात सांगितलं. मी डॉक्टर, जन्मभर लोकांच्या बायकांना धीर देत आले, आणि आता स्वतःला द्यायला माझ्याकडे काही नाही. ह्यांनी गाडीच्या किल्ल्या आपणहून अनुष्काच्या हातात दिल्या. डोंट वरी आई, वुई विल मॅनेज, असं लेक मला म्हणते आणि बाथरूममध्ये जाऊन रडते.

आता जहाजांचं टेबल तेवढं उरलंय. तिथेही चुकलो असं कळलं, तर हे पुन्हा पटाशी हातात धरणार नाहीत. भोक बुजवू नकोस रे. चौथं धुराडं कर. जपानी आरमाराची माफी मी मागते.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी, ताई

अर्विंग, १८ नोव्हेंबर

चि. एकनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. ह्यांनी चारही धुराडी बसवली, चष्मा पुसला आणि बघतच राहिले. माझा जीव खालीवर. मग मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात म्हणाले की, एकनाथने कुमाला चार धुराडी केली. हा माणूस असा कधी चुकायचा नाही. बायको, मालिनी, गेल्यापासून एकटा पडलाय, बिचाऱ्याचं डोकं चालेनासं झालंय. भोकं आपणच पाडली, हे ह्यांच्या गावीही नाही. जहाज तसंच ठेवायचं, एकनाथला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातली आणि डोळे पुसले.

ती शपथ मोडून लिहितेय. मला खूप रडू येतंय रे.
ताई

शॉमबर्ग, २५ नोव्हेंबर

ती. नरेंद्ररावांस,
एकनाथचा सा. न. वि. वि.

कुमा मिळाली असेल. कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतो. मला हल्ली विसरायला होतं. हातून काही चुकलं असेल, तर रागावू नका, सांभाळून घ्या. पण काम बंद करू नका. पुढचं धड लवकर पाठवा. तुमच्याशिवाय मला आता कोण सांभाळून घेणार?

तुमचा,
एकनाथ