विहिरीतली घंटा आणि माझी छापील दहावी

शारजा, अल नहदा
शुक्रवार, ७ मार्च २००३

राजामामा,

नाही म्हणजे नाही! ऑनलाइन कॉलेज मी सोडलंय, आणि फोनवर तुम्ही कितीही ओरडलात तरी परत धरणार नाही. (साष्टांग नमस्कार राहिला, तो इथे घ्या. कुंदामामींच्या गुडघ्याला बाम पुरतोय का? माझी तब्येत ठीक, डोकं सोडून.)

तुम्ही म्हणता, ऑनलाइनच बरं, तिथं कोणी काही विचारत नाही. अहो, तेच तर दुखणं आहे! रफिकच्या कॅफेत तासाला पाच दिरहम (म्हणजे पासष्ट रुपये, मामा, तेवढ्यात तिकडं दोघं पोटभर जेवतील) मोजून बसलो. पासपोर्टचं काम लवकर व्हावं म्हणून तुम्ही जी दहावीची मार्कशीट छापून आणली होतीत, ती पाठवली, आणि नऊ मिनिटांत अभिनंदन आलं. दहाव्या मिनिटाला मी बी.कॉम.ला! पहिला धडा उघडला, सगळा इंग्रजीत, त्यात मला फक्त माझं नाव वाचता आलं. परीक्षा आली तेव्हा रफिक म्हणाला, "सरक, भाई." चौथी शिकलेल्या रफिकला एक्क्याऐंशी टक्के पडले. म्हणजे माझी दहावी एकाने छापली, बी.कॉम. दुसरा टाइप करतोय. मी शिकायचं कधी?

आणि हसू नका, प्रकरण पोटावर आलंय. कागदावर दहावी दिसली म्हणून मला एसीच्या गोदामात स्टोअरकीपर केलं. गेल्या महिन्यात चार बिघडलेले कॉम्प्रेसर कंपनीला परत करायचे होते. चिठ्ठी इंग्रजीत, मला त्यातला चारचा आकडा तेवढा कळला. खलिफा सिटीच्या ज्या व्हिलातून ते काढून आणले होते, तिथेच मी रुबाबात परत धाडले, आणि तिथल्या मिस्त्रीने ते इमानदारीने पुन्हा बसवले! मॅनेजर खैरुद्दीनसाहेब ओरडलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "महादू, तू तो मॅट्रिक है ना?" त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर चाललं असतं. आणखी एक चूक झाली की खलास, व्हिसा रद्द आणि मी तुमच्या पडवीत.

म्हणून इथल्या मराठी मंडळींच्या शुक्रवारच्या वर्गात गेलो. (आठवड्याची एकच सुट्टी, कपडे बादलीत तसेच भिजत राहतात.) फी नाही, सतरंजी आपली आपण झटकायची. शिकवतात शोभनाताई. त्यांची आठ वर्षांची रिद्धी माझी वही बघून "अंकल, इट्स राँग" म्हणते आणि खोडरबर पुढे करते. ताईंना मी ऐटीत तुमची मार्कशीट दाखवली, तर म्हणाल्या, "अरे, तू पास आहेस. तुला पुन्हा दहावीला बसवू कशी?" मामा, जगात नापास झालेल्याची सोय आहे, न बसता पास झालेल्याची कुठेच नाही! शेवटी खरं सांगितलं. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, शाळा सोडल्याचा खरा दाखला आण, आठवी तर आठवी, तिथून धरू. मुदत एप्रिलअखेर.

तो दाखला आपल्याकडे का नाही हे तुम्हाला पुरतं ठाऊक आहे. शाळेची घंटा मी विहिरीत टाकली म्हणून भिकाजी मास्तरांनी अडवून ठेवलाय. तुम्ही एकदा जाऊन "पोराचं चुकलं" म्हणाला असतात तर भागलं असतं. पण मास्तरांच्या भावाने तुम्हाला सरपंचकीला पाडलं, तेव्हापासून तुम्ही त्यांच्या सावलीतूनसुद्धा जात नाही. मान वाकवण्यापेक्षा तुम्हाला मार्कशीट छापणं सोपं वाटलं, आणि भोगतोय कोण?

तुमचाच भाचा (आता कोणी ऑनलाइन मामा देत असेल तर बघतो),
महादू

ता. क. छापायचीच होती तर मराठीत पस्तीस का? संशय येऊ नये म्हणून, म्हणे! हे पत्र मी एकटाकी लिहिलंय. रिद्धीलासुद्धा यात एक चूक सापडली नाही. (तिला मराठी वाचता येत नाही.)

आणखी एक ता. क. मामा, मास्तरांकडे जा. माझ्यासाठी, एकदाच. जास्त बोलायचं काही नाही, नवी घंटा पुढ्यात ठेवायची आणि दाखला मागायचा. पितळेचीच घ्या, दुकानात वाजवून घ्या. आणि ती जुनी विहिरीत टाकायला मला कोणी सांगितलं होतं, ते मी मास्तरांना आजवर सांगितलेलं नाही. एप्रिलअखेरपर्यंत सांगणारही नाही.

सोबत घंटेसाठी ड्राफ्ट : तीनशे दिरहम, म्हणजे तीन हजार नऊशे रुपये.