दार नोएडाला विचारतं

५ मे, मंगळवार

करोल बागेच्या तळघरांत बसून देश चालवायची तयारी करणाऱ्या माझ्या सोबत्यांनो! आपण सगळे एकाच हवेवर जगतो आणि त्या हवेची किल्ली आपल्याकडे नाही. आत यायला आपण पैसे भरतो, पण बाहेर पडायला परवानगी लागते —

इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. हे भाषण मी देऊ शकत नाही. कॉलेजात माइक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. आज घसा बसलाय — ओरडून नव्हे, भीतीने.

काय झालं ते आधी लिहून काढते. दुपारी लायब्ररीत होते. लायब्ररी कसली — कपड्यांच्या दुकानाखालचं तळघर, दाटीवाटीने खुर्च्या, दोन एसी, आणि एकच जाड काचेचं दार. दाराला अंगठ्याचं मशीन. आत येताना अंगठा, जाताना अंगठा. अंगठा लागला की गावाकडे आईवडिलांच्या फोनवर मेसेज — तुमची मुलगी आली, तुमची मुलगी गेली.

आज मधेच इंटरनेट गेलं. एवढंच! दिवे चालू, एसी चालू. पण दार उघडेना. मशीनवर एकच ओळ — सर्व्हरशी संपर्क होत नाही. लातूरचा जयेश, मी रविवारी कॉम्प्युटर शिकवते त्या वर्गातला, त्याने दहाही बोटं लावून पाहिली आणि म्हणाला, "आता पायाचा अंगठा तेवढा राहिलाय." सगळे हसले. मीही हसले. 

काचेपलीकडे मॅनेजर त्यागीजी फोनवर. आमच्याकडे बघून पंजा दाखवत होते — पाच मिनिटं, पाच मिनिटं. बऱ्याच वेळाने दार आपोआप उघडलं. "सिस्टिम नोएडा से चलती है, वहीं से रीसेट हुई. बिल्कुल सेफ है," म्हणाले.

तेव्हाच टेबलावर उभं राहून बोलायला हवं होतं. नाही बोलले. कारण कागदोपत्री मी त्या तळघरात नव्हतेच.

६ मे, बुधवार

खुर्ची अक्षताची आहे. अक्षता माझी रूममेट, यवतमाळची, यंदा यूपीएससीच्या प्रिलिमला पहिल्यांदा बसतेय. सकाळी ती बसते, दुपारी मी. फी अर्धी अर्धी. जेवायच्या वेळी ती अंगठा लावून बाहेर पडते. मी कोणाच्या तरी पाठोपाठ आत सरकते. इथे कितीतरी जण असं करतात. आम्ही याला डबल सवारी म्हणतो — स्कूटरवर मागे बसल्यासारखं.

अंगठा माझा नाहीच, त्यामुळे बाहेर पडतानाही कोणीतरी उठायची वाट बघावी लागते. म्हणजे मी तिथून एकटी कधीच निघू शकत नाही. दोन वर्षं हे करतेय आणि हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिलं!

१० मे, रविवार

सकाळी बागेत वर्ग. आपली मराठी पोरं, झाडाखाली सतरंजी. आज नेटवर्कची ओळख घ्यायची होती. मी म्हटलं, व्याख्या पाठ करू नका. नेटवर्क म्हणजे दोन यंत्रं एकमेकांशी बोलू शकतात, बस्स. कोण कोणाशी बोलतं आणि किती लांबून, एवढंच विचारा. कानातलं फोनशी बोलतं — हे अंगापुरतं, पॅन. एका घरातली, एका इमारतीतली यंत्रं आपसात बोलतात — लॅन. शहरभर पसरलं की मॅन. आणि दिल्लीत लावलेला अंगठा यवतमाळला कळतो ते वॅन.

मग रचना. स्टारमध्ये मधे एक डबा, सगळी यंत्रं फक्त त्याच्याशी बोलतात. एक तार तुटली तर एकच मुकं होतं. मधला डबा गेला तर सगळेच मुके. मेशमध्ये प्रत्येकाला अनेक वाटा. एक बंद झाली तर निरोप दुसरीने जातो. मी म्हटलं, पानिपत आठवा. इथून तास-दीड तासावर. फौज होती, हिंमत होती, पण दक्षिणेकडची वाट तुटली आणि —

"ताई, तुमच्याकडे प्रत्येक धडा पानिपतावरच येतो," जयेश म्हणाला. "एक्सेल शिकवताना पण आलं होतं."

हशा. मी पाटीवर उदाहरणादाखल आपली लायब्ररी काढायला घेतली. दार, मशीन, कॅमेरा, मधला डबा. डब्यातून बाहेर एक रेघ — नोएडा. आणि खडू थांबला. दाराला स्वतःला काही ठरवता येत नाही. अंगठा आपला, दार आपल्यासमोर, माणूस हातभर अंतरावर. तरी उघडायचं की नाही हे दार नोएडाला विचारतं! रेघ तुटली की दाराला आपण दिसतच नाही.

सत्ता अशी एका जागी गोळा झाली की काय होतं, यावर मी आयुष्यभर भाषणं दिली. ती सत्ता माझ्याच खुर्चीसमोर काच होऊन उभी होती.

पोरांना घाबरवायला नको म्हणून पुढचा मुद्दा घेतला.  खडू मोडला.

११ मे, सोमवार

धीर करून त्यागीजींकडे गेले. अक्षताची मैत्रीण म्हणून. विचारलं, लाइट गेली तर दार उघडं राहतं ना? ते खूश झाले. दाराला बॅटरी आहे म्हणाले, लाइट गेली तरी बंदच राहतं, लॅपटॉप चोरीला जात नाहीत. दिव्यांना बॅटरी नाही. दाराला आहे!

मग कौतुकाने स्क्रीन दाखवला. खुर्च्यांचे चौकोन, माणूस आत असेल तो हिरवा. काही झालं तर इथे बघायचं, सगळे हिरवे गेले की आत कोणी नाही. "गिनती में गलती हो ही नहीं सकती, मॅडम."

अक्षताचा चौकोन करडा होता. त्या खुर्चीवर माझी ओढणी होती, पाण्याची बाटली होती, आणि दोन मिनिटांपूर्वी मी होते.

१२ मे, मंगळवार

अक्षताच्या आईचा फोन. अक्षता अंघोळीला गेली होती म्हणून मी उचलला. सहज विचारलं, काकू, ते अंगठ्याचं मशीन काढून टाकलं तर?

"नको गं बाई. एवढ्या लांब पोर. ती बाहेर पडल्याचा मेसेज आला की मगच मी ताट वाढून घेते."

 हे मशीन त्यागीने नाही बसवलं. हे आयांच्या काळजीने बसवलंय.

१३ मे, बुधवार

भांडण. मी अक्षताला म्हटलं, सगळ्यांसमोर बोलते, अर्ज करू, दार दिवसा उघडं ठेवायला लावू. ती ताटावरून उठली नाही, पण जेवायची थांबली. म्हणाली, बोललीस तर पहिला प्रश्न येईल, तू कोण? दोघींची खुर्ची जाईल. प्रिलिम तोंडावर आलीय, आत्ता कुठे जागा मिळणार?

मी म्हटलं, मला तिथे श्वास घेता येत नाही.

"मग तू नको जाऊस, यार. पेपर होईपर्यंत मीच पूर्ण दिवस बसते. पण तोपर्यंत तोंड बंद ठेव ना, ताई. तुला जमत नाही मला माहितीय. तरी ठेव."

ठेवलं. मला किती हलकं वाटलं! लाज वाटायला हवी होती. आधी हलकं वाटलं.

१४ मे, गुरुवार

खोलीत बसून वाचलं. दार सताड उघडं ठेवून.

१६ मे, शनिवार

काल लिहिता आलं नाही. आजही अक्षर वाकडं येतंय.

काल दुपारी जयेशचा फोन — तळघरातला एसी जळाला, धूर झाला, पण सगळे बाहेर आलेत, काळजी नको. मी विचारलं, अक्षता? तो म्हणाला, ती तर जेवायलाच बाहेर पडली होती ना.

मी अक्षताला फोन लावला. संपर्काबाहेर. तळघरात मोबाइलला रेंज नसते. आत जे काही चालतं ते त्यांच्या वायफायवर. वायफाय बंद असेल आणि फोन लागत नसेल तर — मी चप्पल न घालता धावले.

एकेक करून अंगठा लावून बाहेर पडलेली सगळी मुलं रस्त्यावर खोकत उभी. त्यागीजींनी मेन स्विच पाडलेला, दार लावलेलं, धूर वर दुकानात जाऊ नये म्हणून. हातात टॅबलेट. एकही चौकोन हिरवा नाही. "सब आ गए, मॅडम."

नंतर पोरांकडून कळलं ते असं — अक्षता नेहमीच्या वेळी अंगठा लावून बाहेर पडली होती. आईला मेसेज जायला हवा म्हणून. समोरच्या गाडीवर पराठा खाल्ला. आणि मग सवयीने कोणाच्या तरी पाठोपाठ आत सरकली. का? दुपारी त्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला अंगठा लागत नाही, ही आम्हा दोघींची रीत. ती माझी वेळ होती. माझ्या वेळेला ती माझ्यासारखीच आत गेली.

मी म्हटलं, अक्षता आत आहे. त्यागीजींनी टॅबलेट पुढे केला. करडा चौकोन, बाहेर पडल्याची वेळ.

तेव्हा आवाज आला. कुठून आला माहीत नाही, माझाच होता. "तो चौकोन खोटा आहे. दोन वर्षं त्या खुर्चीवर दुपारी मी बसते आणि तुमच्या मशीनने मला एकदाही पाहिलेलं नाही. तशीच ती आत आहे. दार उघडा."

  त्यागीजींनी अंगठा लावला. मेन स्विच बंद, म्हणजे मधला डबा बंद, म्हणजे नोएडा नाही. सर्व्हरशी संपर्क होत नाही.

भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला होता. आग विझवायला कोणी वापरला नव्हता. जयेशने तो उचलला आणि काचेवर घातला. पहिल्यांदा नुसता आवाज. दुसऱ्यांदा तडा. मग बाकीची पोरं पुढे आली — कोणी दगड, कोणी चहावाल्याचा बाक.

ती मागच्या बाथरूमच्या दाराशी सापडली; सगळे बाहेर पडले तेव्हा ती बाथरूममध्ये होती. ओढणी तोंडावर दाबलेली. माझी ओढणी.

१७ मे, रविवार

अक्षता शुद्धीवर आहे. ऑक्सिजन लावलाय, बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. तिने माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं — पेपर? मी म्हटलं, पुढच्या वर्षी. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

माझं आणि तिचं, दोघींचंही नाव लायब्ररीतून काढलंय. नियम मोडला म्हणून. माझं नाव तिथे नव्हतंच, तरी काढलं! नवी काच बसतेय. मशीन तेच. उद्या सकाळी उघडणार म्हणे.

काकूंना मीच फोन केला. सगळं सांगितलं, डबल सवारीसकट.  

"मेसेज आला होता गं. बाहेर पडली म्हणून. मी ताट वाढून घेतलं. ती आत घुसमटत होती तेव्हा मी जेवत होते."

मग म्हणाल्या, रात्रीच्या गाडीने निघते. आणि अजून एक गोष्ट म्हणाल्या.

१८ मे, सोमवार. पहाट.

सोबत्यांनो, हे मी आज दारासमोर उभं राहून वाचणार आहे, माझं नाव सांगून — मी उत्तरा, जी तिथे कधीच नव्हती. भीती गेलेली नाही. तुमच्यातही माझ्यासारखे अनेक आहेत, मला माहीत आहे. नावं विचारणार नाही. पहिला अंगठा लागून दार उघडलं की एकच करा. आतून एक खुर्ची आणा आणि दारात ठेवा, दार मिटणार नाही अशी. कोणी सांगितलं तरी हलवू नका. बसायचं कोणी, याची चिंता तुम्ही करू नका.

अक्षताची आई येतेय. ती म्हणाली, मी बसते.