नुसतं उभं राहायला बोलावलं होतं

प्रिय मामा,

परवा नववीच्या वर्गात पहिलं महायुद्ध शिकवत होते आणि मधेच मला खडू खाली ठेवावा लागला. म्हणून हे पत्र. दोन वर्षांत तुम्हाला लिहायची हिंमत झाली नव्हती.

हो मामा, तुमची भाची आता उदगीरच्या एका शाळेत इतिहास शिकवते! फळ्यावर बाण काढत होते. ऑस्ट्रियाचा राजपुत्र मारला गेला, ऑस्ट्रिया सर्बियावर उठला. सर्बियासाठी रशियानं फौज हलवली. ती बघून जर्मनी उठला, जर्मनी उठला म्हणून फ्रान्स, मग इंग्लंड. फळा भरून गेला. पहिल्या बाकावरच्या सानियानं विचारलं, "मॅडम, ह्यातल्या कुनाला येवढी मोठी लढाई पायजे होती का?"

मी म्हणाले, "नाही गं. प्रत्येकाला वाटत होतं, आपली फौज बघून समोरचा गप्प बसेल."

बोलून गेले आणि फळ्यावर मला मुरुडहून आलेल्या तुमच्या दोन जीपा दिसायला लागल्या.

आठवतं, लातूरच्या कॉलेजात माझं नाव घालायला तुम्हीच आला होतात? पंक्चरच्या दुकानातले काळे हात धोतराला पुसत क्लार्कला म्हणालात, "सायेब, नाव नीट लिव्हा. आमच्या घरातली पैली हाय." सगळी रांग हसली. मी लाजेनं मान खाली घातली. तेव्हा ताठ उभं राहायला हवं होतं मी.

त्याच कॉलेजात मी 'सत्तेचा समतोल' शिकले. दोन्ही बाजूंची ताकद सारखी असली की युद्ध होत नाही. किती आवडलं होतं मला ते वाक्य! वहीत चौकट करून लिहिलं होतं.

पदवी घेऊन मी गावी परतले, त्या वर्षी पोळ्याला वेशीतलं तोरण कोणाच्या बैलांनी तोडायचं, यावरून गाव पेटलं होतं. मान आमच्या वरच्या गल्लीचा. खालच्या गल्लीनं नवी खिल्लारी जोडी आणली आणि पारावर सांगितलं, "यंदा तोरन आमचं." अण्णांनी, तुमच्या दाजींनी, जेवण सोडलं. दत्ता कुऱ्हाडीला धार लावत बसला. माझा सख्खा भाऊ, पण त्याच्याकडे बघायची भीती वाटत होती.

मग घरातल्या एकुलत्या एक पदवीधरानं शहाणपण केलं. अण्णांना न विचारता तुम्हाला फोन लावला.

"मामा, दहा माणसं घेऊन या. भांडायचं नाही. नुसतं उभं राहायचं. ताकद सारखी दिसली की कोणी हात उचलत नाही."

"हे कुनी सांगितलं तुला?"

"पुस्तकात आहे."

तुम्ही खो खो हसलात. "पुस्तकात हाय म्हनल्यावर यावंच लागंल की बाई!"

का आलात मामा? 'न्हाई जमत' म्हणायला काय झालं होतं? माझ्या पुस्तकावर एवढा विश्वास कशाला ठेवलात?

तुमच्या जीपा मारुतीच्या देवळापाशी थांबल्या. खालच्या गल्लीत गलका झाला, "मुरुडची मानसं आनली रे!" त्यांनी पाहुण्यांना फोन लावले. दुपारी टेंपो भरून त्यांची माणसं उतरली. ते बघून आमच्याकडच्यांनी वखरांची रुमणी काढून हातात घेतली. लाकडी दांडेच ते, पण मनगटाएवढे. ती बघून त्यांनीही रुमणी काढली, वर विळे. सगळे एकच सांगत होते, "नुसतं जवळ असू द्या."

मी गच्चीवर होते. दत्ता माझ्या शेजारी. दगड त्यानं मारला मामा. आपल्या दत्तानं. मी डोळ्यांनी पाहिलं.

दगड त्यांच्या खिल्लाराच्या डोळ्यावर बसला. बैल उधळला, झूल फाडत माणसांत घुसला. खालच्या गल्लीतले नागनाथकाका, लहानपणी मला गाभुळलेल्या चिंचा देणारे, बैलाखाली आले. त्यांची छाती दबली. तोंडातून रक्ताचा फेस आला. मग कोणी कोणाचं राहिलं नाही. विळ्यानं एकाची बोटं तुटून गुलालात पडली. कुणीतरी पडलेल्या माणसाच्या तोंडावर लाथा मारत होतं.

आणि तुम्ही दोन्ही हात वर करून मधे शिरलात. "आरं थांबा! आधी बैलं सोडवा, बैलं मरतेल!"

त्यांच्यातल्या एकाचं रुमणं तुमच्या कवटीवर बसलं. तो आवाज मला गच्चीवर ऐकू आला. तुम्ही गुडघ्यांवर आलात. दुसऱ्या घावात कान फाटला. तिसरा मी पाहिला नाही, मी जिना उतरत होते.

जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओढणी भिजून सलवार भिजली. लातूर यायच्या आधीच तुम्ही गेलात. शेवटी काहीतरी म्हणालात, मला कळलं नाही. अजून आठवून बघते.

पोलिसांनी विचारलं, पहिला दगड कोणाचा? सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "खालच्या गल्लीचा." आणि खाली पदवीसकट सही केली. तुम्ही क्लार्कला नीट लिहायला लावलेलं नाव मी खोट्या जबाबाखाली लिहिलं. आणि तुम्ही कोणाच्या फोनवरून आलात, हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. मामीला वाटतं, बहिणीच्या ओढीनं आपणहून गेले.

सध्या टीव्हीवर रोज दोन देशांचे रणगाडे सरहद्दीकडे सरकताना दाखवतात. दोघंही म्हणतात, फक्त खबरदारी. हॉटेलात चहाचे घोट घेत माणसं म्हणतात, "होऊनच जाऊ द्या एकदाचं!" त्यांनी माणसाची कवटी फुटल्याचा आवाज ऐकलेला नाही.

आणि काल तुमच्या महेशचा फोन आला. पुढच्या आठवड्यात पोळा आहे. "ताई, आन्नाला सांग, यंदा चार जीपा आनतो. भांडत न्हाई, नुसतं उभं राहतो." माझेच शब्द, मामा! खालच्या गल्लीतही नागनाथकाकांच्या घरी पाहुणे जमायला लागलेत. महेशला वाटतं, त्यांनी डाव रचून त्याच्या बापाला मारलं. तसं त्याला मीच वाटू दिलं.

तुम्हाला मारणाऱ्याला मी माफ केलेलं नाही. त्याला शिक्षा व्हावी. पण महेश ज्या डावाचा सूड घ्यायला निघालाय, तो कुणी रचलाच नव्हता.

मामा, वचन देते. उद्या पहिल्या एसटीनं मुरुडला जाते. मामीच्या पुढ्यात बसून सांगते की बोलावलं मी आणि दगड आपला होता. मामी मला उंबऱ्याबाहेर काढेल. काढू दे. तिथून थेट ठाण्यात जाऊन जबाब बदलते. दत्ता आत जाईल, अण्णा माझं तोंड बघणार नाहीत, नोकरीचंही काय होईल माहीत नाही. खरं ऐकून महेश थांबेलच, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. नाहीच थांबला तर पोळ्याच्या सकाळी तुमच्या दुकानासमोर पहिल्या जीपच्या चाकापुढे मी बसलेली असेन. त्याला बापाच्या नावानं निघायचं असेल, तर आधी मला उचलून बाजूला करावं लागेल. मी सहज उठणार नाही.

तुमची गुन्हेगार भाची,
रेखा