बडीशेपेच्या वाटीतली नोट

हिर्डोशी, ता. भोर
७ जानेवारी २०२५

प्रिय स्वरूप,

ताईचे खूप आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत. तूही असशील असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस. दुधाचा टेम्पोवाला पप्पू शिवऱ्याला तुझ्या हॉटेलावरून जातो, त्याच्या हाती हे देते. तिथे सगळ्यांपुढे फोडू नकोस.

नाचणी बरी झाली. आणि तुला खरं वाटणार नाही, आपल्या पडवीत आता पाहुणे जेवतात. वरंध घाटाकडे जाणारे गाडीवाले. मी भाकरी थापते, आबा वाढतात. हो, आबाच. आग्रह इतका करतात की माणूस एखादी भाकरी जास्तच खाऊन उठतो.

ताटाचा दर त्यांनीच ठरवला, आणि वर काही घ्यायचं नाही हेही. पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, वर किती द्यायचं असतं? नको म्हटलं तरी त्यांचा जीव भांड्यात पडेना. आपलं काही चुकतंय का, असं तोंड करून गाडीत बसल्या. किती द्यावं हे देणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असतं?

पुढे आबांची नजर चुकवून मी घ्यायला लागले. मग एकदा एक कुटुंब जेवलं, गोड बोललं, ताटांचे पैसे चुकते करून गेलं. वर काही ठेवलं नाही. तर मला राग आला रे. सगळे पैसे मिळूनही माझं हसणं फुकट गेलं असं वाटलं. तेव्हा तू आठवलास. मालक तुला निम्मा पगार देतो आणि बाकीचं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडतो. तू रोज किती हसत असशील.

इतका वेळ जे टाळतेय ते आता लिहिते. गेल्या वर्षी आबा तुला बघायला शिवऱ्याला उतरले. तुझ्या गिऱ्हाइकाने बडीशेपेच्या वाटीत नोट ठेवली, तू ती कपाळाला लावून खिशात घातलीस, आणि आबा चहा न घेताच उठले. घरी येऊन म्हणाले, "माज्या पोरानं हात पसरला." ते तुझ्यापर्यंत कुणी पोचवलं, माहीत नाही. त्यांच्या लेखी खळ्यावर न्हाव्याला वर्षभराच्या कामाचं चारचौघांत मापून दिलेलं धान्य हा त्याचा हक्क. वाटीतली नोट म्हणजे भीक.

परवा रविवारी एका वयस्कर पाहुण्याने निघताना आबांचे दोन्ही हात धरले, आत नोट दाबली आणि म्हणाला, वडील गेल्यापासून मला असं कुणी वाढलं नव्हतं. आबांना हात सोडवता आले नाहीत. गाडी गेल्यावर ते अंगणात तसेच उभे राहिले. मग त्यांनी नोट कपाळाला लावली. मी बघतेय हे त्यांना कळलं नाही.

संध्याकाळी विचारलं, "त्येला पगार किती देत्यात गं?" वर्षभरात पहिल्यांदा तुझा विषय काढला. मी सांगितलं. त्यावर म्हणाले, "मंग पोरानं काय करावं?"

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने ते तुझ्याकडे येतायत. तुला कळवायचं नाही असं मला बजावलंय. मी कळवतेय, कारण त्यांना बघून तू आत निघून जाशील ही भीती आहे. जाऊ नकोस. टेबलावर बसव, वाढ, बिल दे. पाहुण्याची ती नोट त्यांनी मोडलेली नाही. ती वाटीत ठेवतील. बापाची म्हणून परत करू नकोस.

कपाळाला लाव. त्यांच्यासमोर लाव.

तुझी,
सुलक्षणाताई