छताला अकरा साड्या

३ जानेवारी
ऑफिसात असताना दादाचा फोन. आई ओट्यावरून पडली. टेंभुर्णीहून जालन्याला आणली. मानेच्या मणक्याला मार. या वयात ऑपरेशन नको म्हणाले डॉ. मानेला पट्टा, सहा आठवडे पाठीवर सरळ. मान इकडची तिकडं करायची न्हाई.
दादा चाचरत म्हणे, "दर आठ दिवसाला दाखवायचंय. गावाकडून येण्या-जाण्याचे धक्के न्हाई सोसायचे तिला. तुझ्याकडं ठेवू का?"
विचारून राह्यला! नवरा सोडून या दोन खोल्यांत आले त्याला अकरा वर्षं झाली. आई एकदाबी आली न्हाई. "त्या घराची पायरी चढणार न्हाई" म्हणली ती म्हणलीच. आता चौघं उचलून आणतील, पायरी चढायचा सवालच न्हाई.

५ जानेवारी
परवा डिस्चार्ज. रजा टाकली. घर घासूनपुसून काढलं. गेरूच्या भिंतीला आणखी एक हात दिला. मोसंबीच्या खोक्यांचं कपाट केलंय त्याला तेलपाणी. भंगारातून आणलेल्या शिलाई मशीनच्या पायांवर शहाबादी फरशी टाकून टेबल केलंय, ते खाटेसमोर आणलं. पितळी तांब्या चिंचेनं घासला, त्यात मनीप्लँट. जुन्या इरकलीचे पडदे धुऊन, इस्त्री करून लावले.
ऑफिसातल्या बाया येतात, फोटो काढतात. "मॅडम, कितीला पडलं हे सगळं?" मी सांगत न्हाई. सांगितलं तर फोटो पुसून टाकतील.
पण या बायांचं काय करायचं. आईनं पाहावं. एकदा म्हणावं, सुले, घर चांगलं ठेवलंस. बस. बाकी काही नको.

७ जानेवारी
आली. खाट मुद्दाम अशी लावल्ती की गेरूची भिंत समोर यावी. निजवलं. दादा चहा घेऊन गेला.
आई वर बघत पडलेली. मी उभी, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यागत. म्हणली,
"सुले, तुझं घर गळतं का गं?"
वर पाह्यलं. छताला भलामोठा डाग. वरच्या बिऱ्हाडाच्या मोरीचं पाणी झिरपतं. घरमालकाला सांगून सांगून दमले, मंग सोडून दिलं. घरात आल्यावर वर कोण बघतं?
आईला तेवढंच दिसतं. भिंत न्हाई, पडदे न्हाई, काहीच न्हाई.
स्वयंपाकघरात जाऊन रडले. कुणाचा राग आला ते कळलं न्हाई.

१० जानेवारी
हातातला आरसा वर धरून भिंत दाखवली. "गरगरतं गं, काढ ते."
मोबाइलवर फोटो दाखवले. मोतीबिंदू. "चांगलं असंल." असंल!

१५ जानेवारी
काल संक्रांत. तिळगूळ दुधात कालवून चमच्यानं भरवला. गोड बोल म्हणलं तर नुसती हसली. खाणं कमी झालंय.
"डाग वाढला का गं?" रोज एकदा विचारते. मीबी रोज म्हणते, न्हाई आई, तेवढाच आहे.

१८ जानेवारी, रविवार
सकाळी सूटकेस काढली. आतल्या साड्या... आई स्वतः आली न्हाई, पण दर दिवाळीला दादासंगं साडी धाडायची. राजूरला गणपतीला गेली की तिथूनच घ्यायची. अकरा दिवाळ्या, अकरा साड्या. एकही नेसले न्हाई. तुला यायला होत न्हाई तर तुझी साडीबी मला नको, असं होतं मनात. टाकून द्यायचं धाडसबी झालं न्हाई.
थंडीच आहे, पंखा काढून ठेवला. भिंतीत वर खिळे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तारा. साड्यांना बारीक चुण्या घालून एकीला एक टाचली, झोळ देऊन सोडल्या. कात्री लावली न्हाई. हे चालू असताना आईला आतल्या खोलीत ठेवल्तं. संध्याकाळी शेजारच्या दोघांनी परत आणून निजवलं.
"अगं बाई! मांडव घातलास का? लगीन कोणाचं?"
हसली. मीबी हसले. दोघी संगं, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

१९ जानेवारी
रजा संपली. शेजारणीला आईपाशी बसवून गेल्ते. ऑफिसातून आले तर आई वर बघत होती. आपणहून म्हणली,
"ती डाळिंबी पहिल्या दिवाळीची. हिरवी घेतली त्या साली कापूस झाल्ता. पिवळी हलकी आहे, सोयाबीन गेल्तं तवा."
सगळ्या ओळखल्या. म्हातारीला फोटो दिसत न्हाई, आणि साड्या ओळखल्या.
मंग म्हणली, "सुले, एकीचीबी घडी मोडली न्हाईस?"
"नेसायला कुठं जाते मी आई," असं काहीतरी म्हणले. खोटं. तिला कळलं. डोळ्यातलं पाणी कानात गेलं तिच्या, मान वळवता येत न्हाई ना. मी पुसलं.
"मी यायला पाह्यजे होतं," म्हणली. एवढंच. मला भांडायचं होतं, अकरा वर्षांचं भांडण तयार होतं. तेबी जमलं न्हाई.

२५ जानेवारी
"एक काढ. घडी मोड माझ्यासमोर."
डाळिंबीचे टाके उसवले. नेसले. पण दाखवायची कशी? खाटेवर वाकून पदर तिच्या डोळ्यांसमोर धरला. हात लावून पाह्यला काठाला.
"तुझ्या अंगावर चांगली दिसती. मला वाटल्तं रंग भडक होईल."
वर एक फट पडली. डागाचा तुकडा दिसायला लागला. बाकीच्या ओढून घेते म्हणलं, तर, "राहू दे. या दिवाळीची तिथं लाव. जागा ठेव."

६ फेब्रुवारी
खोकला. कफ सुटत न्हाई. डॉ. म्हणाले, पडून राहिल्यानं होतं असं. दादा आल्ता. "बरी झाली की गावी नेतो. लेकीच्या घरी किती दिवस? लोक बोलून राह्यले." आई डोळे मिटून म्हणली, "लोकांला बोलू दे." दादा माझ्याकडं बघत राह्यला. मीबी त्याच्याकडं.

११ फेब्रुवारी
दवाखान्यात भरती. ऑक्सिजन. तोंडावरचं सरकवून विचारते, "वरचं काढलं तर न्हाई?"
"न्हाई आई."
"काढू नको."

१४ फेब्रुवारी
सहा आठवडे आज पूर्ण. आज पट्टा निघणार होता. मान वळवून भिंत बघणार होती.
डॉ. म्हणाले, दोन दिवस बघू.
दादा तिच्यापाशी बसलाय. मी डबा करायला घरी आले. डाळिंबीच नेसलेय कालपासून. कुकर लावला आणि तिच्या खाटेवर जरा आडवी झाले, पाठीवर, मान न हलवता. वर दहा साड्या. मधल्या फटीतून डाग दिसतो. थोडा वाढलाय.
दिवाळीला नऊ महिने आहेत.