एकतीस सेकंद

रविवार, १ फेब्रुवारी

आज काय झालं ते क्रमाने. भर घालायची नाही.

१. धसईच्या बाजारतळावर ‘मंच’ या संघटनेची सभा, संध्याकाळी पाच वाजता. साउंड आमचा. मंगेशने रीतसर बुकिंग केलेलं. तो मंचाचा इथला प्रमुख, शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे.

२. मिक्सरवर मी. बाबा स्टेजजवळ.

३. बाहेरून आणलेला वक्ता म्हणाला, चौकातल्या बशीरभाईंच्या बेकरीतून कुणी पाव घेऊ नका. ऐकवत नव्हतं. आवाज होता तसा ठेवला.

४. मग म्हणाला, बेकरीच्या मागे त्यांचं पत्र्याचं घर आहे, इथून उठलात की तिकडे चला, सामान रस्त्यावर काढा. मी फेडर, भोंग्यांच्या आवाजाची सरकती कळ, खाली ओढला. भोंगे बंद. स्टेजवरचा छोटा स्पीकर चालूच होता, त्यामुळे त्याला कळलं नाही. बोलत राहिला.

५. मागून पोरं ओरडली, "आवाज नाय रे!" कुणी हसलं. फेडर वर केला.

६. पुढच्या रांगांना स्टेजवरच्या स्पीकरमधून ऐकू गेलंच होतं. सभेनंतर सहा जण बेकरीवर गेले. शटरला लाथा. बाबा आणि समोरचा किराणावाला मध्ये उभे राहिले. सहाही जण पांगले. बशीरभाईंची सून घरात होती. सातवा महिना.

७. मंगेशने विचारलं, आवाज कसा गेला? म्हटलं, मी बंद केला.

सोमवार, २ फेब्रुवारी

बाबा वायरी गुंडाळताना पुटपुटत होते. "लूज कनेक्शन म्हनायचंस ना गो बाय. त्याला काय कळनार होतं?"

खोटं बोलायला जमलं नाही असं नाही. सुचलंच नाही.

बाबांना दुखलंय ते वेगळंच. पस्तीस वर्षं त्यांनी माइक सगळ्यांना दिला. कीर्तन, मोर्चा, हळद, या पक्षाची सभा, त्या पक्षाची. "वायर आपली, तोंड त्यांचं," हे गिऱ्हाइकाला ते आजही सांगतात. पहिल्यांदा कुणाचा तरी आवाज आमच्याकडून बंद झाला, आणि तो मी केला.

दुपारी मंगेश दारात. आत आला नाही.

"तू माईकवाली हायेस का जज?"

"माइकवाली."

"मग वायरी बघ. आमी काय बोलायचं ते आमी बघू."

हळदीची दोन बुकिंगं संध्याकाळपर्यंत रद्द.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

कामावरून अर्धा दिवस काढून शहापूरला. सुषमाताईंनी बोलावलं होतं. डिप्लोमाला त्या आम्हाला शिकवायच्या, आता वाचनमंडळ चालवतात. तिथे सात-आठ जण, चहा, माझं कौतुक. कौतुक झालं की मला हात कुठे ठेवावेत कळत नाही.

मग अर्ज पुढे आला. मंचाला तालुक्यात कुठेही सभेची परवानगी देऊ नये, साउंडवाल्यांनी त्यांना माइक देऊ नये. पहिली सही माझी हवी.

नाही म्हटलं.

"अगं, तूच तर बंद केलास!"

"घरावर चला म्हणाला तेव्हा. बाकी सभा मीच ऐकवली."

"आणि ती विषारी नव्हती?"

"होती."

"मग?"

एवढंच म्हटलं की उद्या असाच अर्ज वाचनमंडळावर कुणी केला तर त्यावरही मी सही करणार नाही. ताई म्हणाल्या, "तुझं मोजमाप झालं की कळव हो."

लागलं. पण मोजमाप खरंच केलेलं नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

केलं.

सभेचं रेकॉर्डिंग वेगळ्या लाइनवरून होतं, फेडर खाली असला तरी चालू राहतं. इयरफोन लावून तीनदा ऐकलं. घड्याळ लावून.

भोंगे एकूण ४० सेकंद बंद. घराचा पत्ता, चला, सामान काढा हे पहिल्या ९ सेकंदांत संपतं. उरलेले ३१ सेकंद तो पेपरवाल्यांना, मास्तरांना, "जास्त शिकलेल्या बायांना" शिव्या देतोय. घाणेरडं आहे. पण कुणावर चालून जा असं त्यात काही नाही.

म्हणजे ९ सेकंदांसाठी माझ्याकडे कारण आहे. ३१ साठी नाही. हात फेडरवर होता, वर न्यायला मन होत नव्हतं. बरं वाटत होतं, हे इथे तरी लिहिलं पाहिजे.

बाबांना सांगितलं. "गप बस आता, कोनाला सांगू नको." थोड्या वेळाने, "एकतीस? नीट मोजलंस?"

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बशीरभाईंसोबत पोलीस चौकीत. तक्रार नोंदवली. रेकॉर्डिंग दिलं, अख्खं, न कापता. सुषमाताईंना मोजमाप कळवलं होतं. त्यांचा फोन, फक्त ते ९ सेकंद पाठव, सगळीकडे फिरवू. नाही पाठवलं. तुकडा केला की माझे ३१ सेकंद त्यातून गळतात.

परतताना बशीरभाईंना विचारलं, माइक दिला तर उत्तर द्याल?

"मला कशाला गो माईक? मला भट्टी लावायचीय. चार दिवस झाले, पाव नाय काढला." मग हसले. "तू बोल की. लहानपनापासून तुझं एकच भाषण ऐकतोय. हॅलो, हॅलो, चेक."

खरंय. माइकवर याच्यापलीकडे मी कधी बोललेले नाही.

संध्याकाळी त्यांचं अर्धं शटर वर होतं. पाव घेतले. बाबांनी मागून येऊन आणखी एक लादी घेतली, आम्ही दोघंच घरात असून.

रविवार, ८ फेब्रुवारी

मंगेशला द्यायचं पत्र, तिसरा खर्डा. उद्या सकाळी त्याच्या हातात देणार. बाबांनी वाचलं. मोठ्या मिक्सरवरची धूळ पुसायला घेतली.

नक्कल:

मंगेश,

त्या दिवशी मी तुमच्या वक्त्याचा आवाज ४० सेकंद बंद केला. पहिल्या ९ सेकंदांत तो माणसं एका घरावर पाठवत होता. त्याबद्दल माफी मागणार नाही. पुढचे ३१ सेकंद बंद ठेवणं माझी चूक. ते बोलणं मला पटत नाही, पण ते अडवायचा मला अधिकार नव्हता.

रविवारी, १५ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता बाजारतळावर साउंड लावते. भाडं नको. ते ३१ सेकंद आणि पुढे तुम्हाला हवं तेवढं बोला, कुणीही बोला. तुम्ही जितका वेळ घ्याल तितकाच वेळ नंतर मी घेईन. तुमचं म्हणणं का चूक आहे ते सांगेन. तुम्ही थांबून ऐकायचं.

कुणाच्या घरावर चला म्हणालात, तर फेडर पुन्हा खाली येईल. तेवढ्या वाक्यापुरता. आधीच सांगून ठेवते.

येणार की नाही, ते गुरुवारी, १२ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत कळव.