कोणाची फळी

बाबा, धारणीकडचा तो माणूस शेवटचा येऊन गेला त्या दिवसानंतर तुम्ही त्याचा विषय कधी काढला नाहीत, आणि मीही विचारलं नाही. तुम्हाला जाऊनही आता माझं अर्धं आयुष्य उलटलं. तो माणूस मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

अमरावतीच्या त्या लहानशा संग्रहालयात तुम्ही ग्रंथपाल होतात. लोक यायचे ते तलवारी आणि पेंढा भरलेला वाघ बघायला. मागच्या खोल्यांत पुस्तकं आहेत हे फार थोड्यांना ठाऊक. पण दालनातली कुठली वस्तू कुठून आली, कोणी आणली, ते सगळं त्या खोल्यांतच होतं. साहेब लोकांचे दौऱ्यांचे अहवाल, वस्तू देणाऱ्यांची पत्रं, तुम्ही बासनांत बांधून पुस्तकांशेजारी लावून ठेवलेली. आई म्हणायची, "त्या कागदाची धूळ खाऊ खाऊ खोकला लागला तुमाले." तुम्ही नुसते हसायचात.

तो आला तेव्हा मी तिथेच होते. मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते आणि सुटीत तुमच्या मदतीला यायचे. खांद्यावर घोंगडी टाकलेला तो मेळघाटातला कोरकू आदिवासी दालनातल्या सागाच्या फळ्यांपुढे उभा आहे आणि पहारेकरी त्याला हटकतो आहे. मेलेल्या माणसाच्या नावाने कोरकू अशी फळी कोरतात, तिच्यावर घोडेस्वार, चंद्र, सूर्य काढतात आणि गावाबाहेर झाडाखाली ती उभी करतात. जंगल खात्याच्या कुणा साहेबाने पूर्वी कधीतरी त्या तिथून उचलून आणल्या होत्या. सगळ्यांवर चिठ्ठी एकच, 'कोरीव लाकूड, मेळघाट'.

तुम्ही त्याला आत आणून खुर्चीवर बसवलंत.

"माह्या बापाची फळी हाय यायच्यात," तो म्हणाला. "बाप मेला तवा मी मायच्या पोटात होतो. म्या काई पायली नाई. आता माय गेली. मरताना बोलली, मले त्याच्याजवळ उभी कर."

"गाव सांगा तुमचं," तुम्ही म्हणालात. "त्या साहेबानं कोनती फळी कोन्या गावची, कोनाच्या नावाची ते लिहून ठेवलं हाय. मी काढून ठेवतो. होळी झाली का या."

"देतीन का पन?"

"देतीन. मी भांडीन त्याच्यासाठी."

त्याच आठवड्यात तुम्हाला हिवताप आला. तुम्ही अंथरुणावर असतानाच संग्रहालयाच्या समितीचा हुकूम निघाला. मागच्या खोल्यांत कापसाचे नमुने मांडायचे होते, म्हणून पुस्तकं अकोल्याच्या एका शाळेला देऊन टाकली. ताप उतरायच्या आत बासनांसकट गाड्या भरून गेल्यासुद्धा. तुम्ही काठी टेकत अध्यक्षांकडे गेलात, मी सोबत होते. "साहेब, पुस्तकं नेली तर या वस्तू कोनाच्या, हे कोन सांगन?" तुम्ही विचारलंत. ते चकित झाले. खरंच चकित झाले, बाबा, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणाले, "पण चिठ्ठ्या लावल्या आहेत ना सगळ्यांवर?"

मग आपण अकोल्याला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात पुस्तकांचे ढीग पडले होते. तुम्ही जमिनीवर बसून एकेक पुस्तक बघितलंत. दुपार कलली तरी पाणीसुद्धा घेतलं नाहीत. बासनं कुठेच नव्हती. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "ते सुटे कागद होय? ते काही पुस्तकं नव्हती. जाळून टाकले आम्ही, वाळवी लागली होती." तुम्ही हातातलं पुस्तक परत ढिगावर ठेवलंत. गाडीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. घरी आईने वाढलेल्या ताटाला तुम्ही हात लावला नाहीत. "जेवून कावून नाई राहिले?" ती विचारत राहिली.

होळीनंतर तो आला. सोबत बायको होती आणि घोंगडीत गुंडाळलेली आईची नवी फळी. तुम्ही त्याला सगळं सांगितलंत, काही न लपवता. तो बराच वेळ त्या फळ्यांपुढून फिरत राहिला. एकेकीजवळ थांबायचा, घोडेस्वाराच्या तोंडाकडे बघायचा, पुढे जायचा. तुम्ही म्हणालात, "तुमाले जी बापाची वाटते तिले हात लावा. मी कोनाले बोलू देनार नाई."

"दुसऱ्याच्या मेलेल्याले कसा हात लावू, बाबू?" तो म्हणाला. बायकोने घोंगडी उचलली आणि ती दोघं निघून गेली.

तुम्ही त्यानंतरही रोज कामावर जात राहिलात. पुस्तकं नसलेल्या ग्रंथपालाला कोणी काढून टाकलं नाही, कोणी काम सांगितलं नाही. सरकीच्या बरण्यांमध्ये तुम्ही खुर्ची टाकून बसायचात. पुढच्या पावसाळ्यात गेलात. डॉक्टर म्हणाले, छाती खराब होती.

मी पुढे ग्रंथालयाचंच शिकले आणि त्यातच नोकरी केली. आता निवृत्त झाले आहे. गेल्या महिन्यात संग्रहालयातून एक तरुण बाई घरी आल्या. तिथे पुन्हा ग्रंथालय उभं करायचं आहे, त्यासाठी मी यावं, असं म्हणाल्या. फळ्या अजून तिथेच आहेत, हेही त्यांनी सांगितलं. मी रात्रंदिवस मनात एकच चित्र बघत राहिले. मी तिथे बसले आहे, दारात त्याचा कोणी नातू उभा आहे, आणि माझ्याकडे सांगायला काही नाही.

हे पत्र तुम्हाला पाठवायची सोय नाही. त्या बाईंना उत्तर मात्र आज टपालात टाकलं. गुडघे दुखतात, रोजचं येणं जमणार नाही, असं लिहिलं आहे. माझे गुडघे चांगले आहेत, बाबा.